शेजारणीची बोरमाळ

आईने त्या दिवशी माझं ऐकलं असतं तर एका अख्ख्या वाडीला जमीन मिळाली असती, असं मी आजही म्हणते. आईला बोलून दाखवलं की ती म्हणते, "मग तू मिळवून द्यायची व्हती. तुझा कुणी हात धरला व्हता?" आणि भाकरी थापायला लागते. तिच्याशी कोण डोकं लावणार?

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमचं काम काय, हे सांगायला गेले की लोक जांभया द्यायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. कुठे मोठा रस्ता, खाण, वीजघर व्हायचं असलं की परदेशातल्या मोठमोठ्या बँका त्याला कर्ज देतात. या आपल्या तालुक्यातल्या बँकांसारख्या नाहीत. या विकासाच्या बँका. त्यांना व्याज हवंच असतं, पण व्याजाच्या जोडीला पुण्यही हवं असतं. म्हणून त्या अट घालतात, की ज्यांची घरंदारं जाणार त्यांचं आधी भलं करा, त्यांची संमती आणा, मग पैसे सोडतो. ते भलं झालं की नाही हे पाहून अहवाल लिहायचा, यावर आमचं पोट. आमचे साहेब मला चारचौघांत "आपली ग्राउंडवरची माणूस" म्हणतात. म्हणजे उन्हात मी हिंडायचं आणि एसीत बसून त्यांनी बोलायचं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका सोन्याच्या खाणीचं काम आलं. खाण परराज्यात, एका डोंगरात व्हायची होती. डोंगराखाली ओढा आणि ओढ्याच्या काठावर एक वाडी. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याची वाळू लाकडी पाटीत धुऊन सोन्याचे कण काढायच्या. कण तरी केवढे, नखावर घेतले तर दिसले दिसले, नाही दिसले नाही दिसले. पण त्यावर त्यांची चूल पेटत होती. खाण झाली की तो ओढा बुजणार होता, कारण खाणीतला विषारी गाळ साठवायला कंपनीला नेमकी तीच जागा हवी होती. ज्यांच्या नावावर शेतं होती त्यांना जमिनीला जमीन ठरली. वाळू धुणाऱ्यांच्या नावावर काय असणार? ओढा कधी कुणाच्या नावावर असतो का? त्यांची बोळवण सिमेंटच्या घरावर आणि शिलाई मशीनवर करायचं चाललं होतं.

त्या बायकांत एक होती. माझ्याहून थोडी मोठी, अंगाने काटक, आवाज खणखणीत. ती अडून बसली. घर ठेवा तुमचं, मशीन ठेवा तुमचं, आम्हालाही जमीन द्या, म्हणाली. सगळी वाडी तिच्या शब्दात. तिने हो म्हटल्याशिवाय वाडीची संमती नाही आणि संमतीशिवाय बँक कर्जाला हात लावू देत नव्हती. खाणवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता. मला मनातून लई बरं वाटत होतं. बाई, अशीच टिकून राहा, असं मी दर बैठकीत मनातल्या मनात म्हणायची.

कारण जमिनीशिवाय मिळालेलं घर म्हणजे काय, ते मी जन्मभर पाहत आले होते. आमचं गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. आमची बौद्धांची आळी नदीच्या अंगाला, सगळ्यांत खाली, त्यामुळे पाणी पहिलं आमच्याच उंबऱ्याला लागलं. पाण्याने तेवढी शिवाशिव पाळली नाही. वरच्या आळीला खाली कालव्याच्या भागात जमिनी मिळाल्या. माझ्या आज्याने उभा जन्म दुसऱ्यांची शेतं कसली, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव कुठे होतं? आम्हाला बोरी बुद्रुकच्या बाजूला घर बांधण्यापुरती जागा मिळाली. तेव्हापासून आई दुसऱ्यांचा कांदा लावते, दुसऱ्यांचा कांदा खुरपते आणि दुसऱ्यांचा कांदा काढते. वडील गेले, तेही दुसऱ्याच्या उसाला पाणी धरता धरताच. मी शिकले ती सरकारी वसतिगृहात राहून आणि मावशीच्या जिवावर. धरणाने शिकवलं नाही मला.

तर बँकेची एक गोरी बाई होती, कर्जाची जबाबदारी तिच्याकडे. स्वभावाने वाईट नव्हती. तिने कल्पना काढली, की वाळू धुणाऱ्या त्या बाईला कुठेतरी नेऊन दाखवू, पूर्वी उठवलेले लोक आज कसे राहतात ते. तिचं तिला ठरवू दे. बैठकीत सगळे माना डोलवत होते. मी हात वर केला आणि म्हटलं, माझ्याच घरी चला.

साहेबांचे डोळे लकाकले. धरणात घर गेलेल्याची मुलगी आज अधिकारी, याहून चांगला नमुना त्यांना कुठे सापडणार होता? माझा डाव मात्र वेगळा होता. त्या बाईने माझ्या आईचं घर पाहावं, पत्र्यातून आत येणारं ऊन पाहावं, आईच्या हाताच्या भेगा पाहाव्यात, आणि आपल्या वाडीला जाऊन सांगावं, की जमीन सोडू नका. मला एक शब्द बोलावा लागणार नव्हता आणि नोकरीही शाबूत राहणार होती. अशी मी हुशार.

आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. "आई, काही करू नको. घर जसं आहे तसं असू दे. रोज जे खातेस तेच कर. पिठलं कर. त्या बाईला खरं कळायला पाहिजे, तिच्या वाडीच्या जमिनीचा प्रश्न आहे."

"बरं," आई म्हणाली.

"नक्की ना?"

"आगं, बरं म्हणले ना! किती येळा सांगशील?"

आईच्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला. मला माझी आईच कळली नव्हती, दुसऱ्यांची गावं काय कळणार होती कपाळ!

वैशाखातले दिवस होते. आधी सगळ्यांना डिंभ्याला नेलं. दोन गाड्या, साहेब, गोरी बाई, वाळू धुणारी बाई आणि खाणवाल्यांनी दिलेला एक दुभाषी. तो तिचं बोलणं हिंदीत करायचा, आणि मराठीही त्याला कळायचं. आहुप्याच्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेलं की पाणी मागे हटलेलं दिसतं आणि गाळात जुन्या घरांची जोती उघडी पडलेली दिसतात. उन्हाळ्यात आमच्याकडचे लोक तिथे जातात, आपापलं जोतं हाताने साफ करतात, घटकाभर त्यावर बसतात आणि परत येतात. मी लांबूनच बोट करून आमचं जोतं दाखवलं. साहेब गोऱ्या बाईला पाण्याचा साठा समजावून सांगत होते. वाळू धुणारी बाई मात्र चपला काढून सरळ गाळात उतरली, आमच्या जोत्यापाशी गेली, चिमूटभर गाळ तळहातावर चोळून उन्हात धरला आणि मान हलवली.

"ती म्हणते, यात काही नाही," दुभाषी म्हणाला.

"मला माहितीये," मी म्हटलं. पण ती आमच्या जोत्यावर बसली. कुणी न सांगता बसली. तेव्हा मला वाटलं, हिला सगळं कळलंय, आता आईचं घर पाहिलं की काम झालं.

मंचर, नारायणगाव करत बोरीला पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि मी खाली उतरून बघतच राहिले. दारापुढे सडा, त्यावर हातभर रांगोळी. भिंतीला आकाशी रंग, इतका ताजा की वास येत होता. दारात शेजारच्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पंखा दुसऱ्याच कुणाचा तरी, आणि पत्र्याखाली लग्नातलं झालरीचं कापड ताणून बांधलेलं. ऊन आत येणार कुठून? आई दारात उभी होती. अंगावर मावशीच्या सुनेची नवी साडी आणि गळ्यात सोन्याची बोरमाळ.

ती बोरमाळ मी ओळखली. ज्यांच्या मळ्यात आई कामाला जाते, त्या काकूंची. काकू मनाने चांगल्या. पावणं येणार म्हटल्यावर त्यांनी स्वतः आणून आईच्या गळ्यात घातली होती म्हणे. माझ्या आजीला त्यांच्या सासूने ओंजळीत वरून पाणी वाढलं होतं आणि सुनेने आईच्या गळ्यात सोनं घातलं. एवढा बदल झालाय, मी नाही म्हणत नाही. पण तो नेमका त्याच दिवशी व्हायचा होता?

मी आईला चुलीपाशी गाठलं. "हे काय करून ठेवलंस? तुला काय सांगितलं होतं मी?"

"हळू बोल. पावणं ऐकत्यात."

"त्या दोघींना मराठी येत नाही!"

"मग काय झालं? तुजं त्वांड तर दिसतंय त्येंला." तिने मासवडीचा रस्सा ढवळला. हो, मासवडी. पिठलं कर म्हटलं होतं, बाईने पाहुण्यांसाठी मासवड्या वळल्या होत्या. "परमुलखातनं बाईमाणूस माज्या दारात आलंय. तिला मी फुटका कप दावू? उद्या तिनं तिच्या गावात सांगायचं, की त्या घरी गेले तर धड ताट न्हवतं? न्हाई जमणार मला. धरणानं घर न्हेलं, आब न्हाई न्हेला आमचा."

मला राग आला होता, आणि ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्तच आला होता.

पंगत बसली. ताटं वाढायला मी उभी राहिले. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतंच. साहेबांच्या ताटावर शेजारच्या घराचं नाव, गोऱ्या बाईच्या ताटावर पलीकडच्या घराचं, वाटीवर तिसऱ्याचं, तांब्यावर गावातल्या महिला मंडळाचं. सगळी वसाहत पंगतीला बसली होती. गोऱ्या बाईने काठावरच्या अक्षरांवर बोट फिरवून विचारलं, हे काय लिहिलंय? साहेबांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी आपलं ताट वाचलं, तिचं वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "कुटुंबाचं नाव आहे. आमच्याकडे मालकीचा फार अभिमान असतो." ती खूश झाली आणि तिने ताटाचा फोटो घेतला.

वाळू धुणारी बाई पोटभर जेवली. जेवण झाल्यावर तिची नजर भिंतीला टेकवलेल्या आईच्या काठवटीवर गेली. तिने ती उचलली, वजन पाहिलं, अंगणात नेली, त्यात मूठभर माती आणि तांब्याभर पाणी घातलं, आणि दोन्ही हातांनी अशी काही फिरवली की माती कडेकडेने वाहून गेली आणि तळाला तेवढी जड रेती राहिली. आई हरखून गेली. "आगं बया! भाकरीच्या काठवटीत सोनं?" दोघी हसत सुटल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती आणि अडतही नव्हतं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मला आवडली.

मग तिने आईला विचारलं, दुभाष्यामार्फत, की तुम्हाला जमीन मिळाली का?

मी आईच्या आधी बोलले. "नाही मिळाली. गुंठाभरसुद्धा नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी गप्प बसले असते. "न्हाई मिळाली," ती म्हणाली, "पर काय आडलं न्हाई बाई आमचं. पोरगी सायब झाली. खाऊन-पिऊन सुखी हाय." आणि मला, "गप. पावण्यापुढं उणंदुणं काढत्यात व्हय?"

दुभाष्याने त्यातलं सगळं सांगितलं. अगदी इमानदारीने सांगितलं, त्याचा दोष नाही. ती बाई आईच्या जवळ सरकली, बोरमाळेचा मणी दोन बोटांत धरून तिने वजन घेतलं आणि मान डोलावली. सोनं अस्सल होतं. काकूंच्या घरचं होतं, खोटं कशाला असेल?

परतताना मी तिच्याच गाडीत बसले. नोकरी गेली खड्ड्यात, म्हटलं. दुभाष्याला सांगितलं, शब्दन्‌शब्द सांग हिला. ती माळ आईची नाही, शेजारणीची आहे. ताटं, खुर्च्या, पंखा, साडी, सगळं मागून आणलेलं. माझी आई अजून दुसऱ्याच्या शेतात मजुरी करते. जमीन सोडू नकोस.

तिने ऐकून घेतलं आणि खळखळून हसली. माझा गाल धरून काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, आमच्यातपण असंच सांगतात. कुणी सोन्याकडे पाहिलं की म्हणायचं शेजारणीचं आहे. म्हणजे दृष्ट लागत नाही."

"अरे, दृष्ट कसली! खरं सांगतेय मी. आईशप्पथ!"

त्याने तेही सांगितलं. ती आणखीनच हसली. आईची शपथ घेऊन आईचं सोनं झाकतेय, केवढी मायाळू पोर, असं म्हणाली. दुभाषीही हसायला लागला. "मॅडम, बस करो, नहीं लगेगी नजर." मी खिडकीकडे तोंड करून बसले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, मेलं. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस होता, एका शेताच्या कडेला वनखात्याची बिबट्याची पाटी होती, आणि कालवा आमच्या गाडीबरोबर पळत होता.

घरी पोचायच्या आत तिचं मनाशी ठरलं होतं. वाडीत जाऊन तिने सांगितलं, की त्या आईला जमीन मिळाली नाही, तरी घर भरलेलं आहे, गळ्यात सोनं आहे, मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे. मग आपणच कशाला अडून बसायचं? वाडीने जमिनीची मागणी सोडली. संमती झाली, कर्ज सुटलं. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही ताटं वाचली होती. ते म्हणाले, "तुझ्या आईने जे दाखवलं ते मी पाहिलं. आता तू अहवालात लिहिणार आहेस का, की माझी आई खोटी आहे?" बोला.

आईशी मी पुढचे कितीतरी दिवस धड बोलले नाही. बोरमाळ तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच परत केली होती आणि उपकार राहू नयेत म्हणून दिवसभर काकूंच्या वखारीत फुकट कांदा भरला होता. हे मला तिने सांगितलं नाही, काकूंनीच कौतुकाने सांगितलं.

परवाच्या हिवाळ्यात त्या वाडीला जायचा योग आला. बँकेला पुढचा हप्ता सोडायचा होता, त्याआधी लोकांचं भलं झालं का ते बघायचं होतं. तेच साहेब, तीच गोरी बाई, दुभाषी तोच. ओढा कुठे होता ते मला ओळखता येईना. त्या जागी राखाडी गाळाचं तळं होतं आणि त्याला तारेचं कुंपण. वाडी आता दोन ओळींत, सिमेंटची, एका मापाची घरं. त्या बाईने आम्हाला जेवायलाच बोलावलं होतं.

दारात रांगोळी होती. भिंतीला रंगाचा वास येत होता. शिलाई मशीन कोपऱ्यात, त्याच्यावर पांढरं झालरीचं कापड. तिची वाळू धुवायची लाकडी पाटी चुलीपाशी होती, तिच्यात लसूण ठेवला होता. दुभाष्याने गाडीत मला सांगितलं होतं, की ती खाणीच्या वसाहतीत झाडू मारायला जाते. ती पुढे आली, माझे दोन्ही हात धरले, आईची चौकशी केली. वाळली होती. अंगावर कोरी साडी, गळ्यात सोन्याची जाड साखळी.

ताटं मांडली गेली. त्यांच्याकडेही भांड्यांवर नावं कोरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांची लिपी मला वाचता येत नाही. पण माझ्या ताटावर एका तऱ्हेची अक्षरं होती, साहेबांच्या ताटावर दुसरी आणि गोऱ्या बाईच्या ताटावर तिसरीच. एवढं कळायला वाचता कशाला यायला हवं?

गोरी बाई भारावून गेली होती. किती छान घर, किती भांडी, साखळी किती सुंदर, असं म्हणत होती. साहेब माझ्याकडे बघून हसले, म्हणजे बघितलंस, मी म्हणत नव्हतो?

मी तिला विचारलं. दुभाष्याला म्हटलं, विचार तिला, साखळी कुणाची आहे.

ती हसली नाही. वाढता वाढता थांबली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच एकच वाक्य बोलली.

"ती म्हणते, शेजारणीची आहे," दुभाषी म्हणाला, आणि गोऱ्या बाईला हसत हसत समजावून सांगायला लागला, की यांच्यात असं म्हणायची पद्धत आहे, दृष्ट लागू नये म्हणून.

साहेबही हसले. गोरी बाईही हसली, आणि म्हणाली, एकदा त्या साखळीसकट फोटो घेऊ या. त्या बाईने पदर सारखा केला आणि उभी राहिली. फोटो झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली, माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि मी सगळं संपवेपर्यंत उठली नाही.